बॉर्डरलाईन म्हणजे नेमकी कुठली बॉर्डर?

नात्यातल्या एका मुलीला बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा मानसिक आजार) आहे असं निदान कळलं तेव्हा आमची कोथरूडची मावशी म्हणाली, "बॉर्डरलाईनच आहे ना, मग एवढं काय, माझी शुगर पण बॉर्डरलाईनच आहे." तिला काय बोलणार, नावच तसलं आहे.

१९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, न्यूरोसिस (चिंता, भीतीसारखे त्रास, पण वास्तवाचं भान असतं) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या मधले, धड इकडचे ना तिकडचे पेशंट, आणि नेहमीचं मनोविश्लेषण त्यांना मानवत नाही अशी त्याची अडचण. तेव्हापासून "ही अवघड माणसं" हा शिक्का जो बसला तो बसलाच. मग १९६७ ला मनोविश्लेषक ऑटो कर्नबर्गची या व्यक्तिमत्त्वाबद्दलची थिअरी आली आणि १९८० मध्ये डीएसएम-३ मध्ये (अमेरिकन सायकियाट्रिस्टांची आजारांची यादी) अधिकृत निदान, पण उपचाराचं घोडं तिथेच अडलेलं.

ते हललं मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईमुळे. सिएटलला ती स्वतःला इजा करून घेणाऱ्या बायकांवर साधी बिहेवियर थेरपी करत होती, म्हणजे हे बदल, ते बदल, आणि बायका भडकायच्या की म्हणजे चूक आमचीच का. बरं नुसतं "तुझं बरोबर आहे गं" म्हणत राहिलं तर काहीच बदलायचं नाही. मग तिने दोन्ही एकत्र बांधलं, आहे ते मान्य कर आणि बदल पण, दोन विरुद्ध गोष्टींचा असा मेळ म्हणून नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी. दर आठवड्याला थेरपिस्ट, वेगळा स्किल्सचा ग्रुप, अडचणीत फोन, शिवाय थेरपिस्ट लोकांची आपसात मीटिंग, कारण तेही थकतात. माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देणं) तिने झेन या बौद्ध पंथातून उचललं, इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून आलेल्या पुणेकरांना ते फार परकं वाटायचं नाही. १९९१ ला डीबीटीची पहिली ट्रायल (पेशंटवर घेतलेली चाचणी) छापली. आणि २०११ मध्ये तिने जाहीर सांगितलं की सतराव्या वर्षी ती स्वतःच मनोरुग्णालयात होती, दोन वर्षांहून जास्त. मला हे वाचून काटा आला होता.

नंतर लंडनला बेटमन आणि फोनागींची एमबीटी, म्हणजे मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट आली (समोरच्याच्या आणि आपल्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकणं), जेफ्री यंगची स्कीमा थेरपी आली (लहानपणापासून मनात बसलेले साचे बदलणं).

पुण्यात थेरपिस्ट शोधताना "डीबीटी करता का" एवढंच विचारू नका, ग्रुप आणि फोन पण आहे का ते विचारा. नसेल तरी लगेच निराश व्हायला नको, २००९ च्या कॅनडातल्या १८० पेशंटच्या ट्रायलमध्ये वर्षभर डीबीटी घेणारे आणि अनुभवी सायकियाट्रिस्टकडे नीट आखलेले साधे उपचार घेणारे, दोघंही जवळजवळ सारखेच सुधारले होते.