लॅपटॉपवर चहा सांडला? आधी वीज तोडा

अमृततुल्यमधला चहा कीबोर्डवर सांडला की माणूस आधी पुसतो आणि लॅपटॉप चालू होतो का हे लगेच पॉवरचं बटण दाबून बघतो. असं चालू करून बघणंच घातक ठरतं.

शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते. चहात मात्र पाण्यातले आणि दुधातले क्षार असतात, त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, वीज वाहून नेतात. मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावर, चिपच्या शेजारशेजारच्या पायांमध्ये (पिनांमध्ये) बऱ्याचदा अर्धा मिलिमीटरही अंतर नसतं. एका पायावर ३.३ व्होल्ट, दुसरा ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. मध्ये चहाचा थेंब. धन बाजूचं तांबं आणि कथील विरघळून ऋण बाजूकडे सरकतं, तिथे पुन्हा धातू होऊन साचतं आणि फांद्या फुटल्यासारखं उलट वाढू लागतं. फांदी पलीकडे टेकली की शॉर्ट. सूक्ष्मदर्शकाखाली अशा बोर्डावर कनेक्टरच्या पायांभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, आणि कधी कधी पायच खाल्ला गेलेला असतो.

लॅपटॉप बंद केला तरी हे थांबत नाही, कारण बटणाची वाट बघणारे काही सर्किट बॅटरीवर सतत जिवंत असतात. म्हणून चार्जर काढा, लॅपटॉप चालू असेल तर बटण दाबून धरून बंद करा, उलटा धरा आणि शक्य तितक्या लवकर मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्वतःला जमत नसेल तर दुकान गाठा, पण चालू करून बघू नका. बॅटरी फुगली असेल तर तिला हातही लावू नका.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सोडून द्या. चिपखालचा थेंब तांदूळ ओढून घेत नाही, आणि पाणी उडालं तरी साखर आणि क्षार तिथेच राहतात. मे महिन्यात सांडलेला चहा ‘सुकला’ म्हणून वापरात राहिलेला लॅपटॉप पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत बंद पडू शकतो, कारण हा थर हवेतला ओलावा शोषतो आणि गंज पुन्हा सुरू होतो.

नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही भागत नाही. साखर आणि क्षार त्यात नीट विरघळत नाहीत, त्यांना पाणीच लागतं. त्यामुळे बॅटरी काढलेला बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने, शक्यतो अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सुटवणाऱ्या यंत्रात) धुतात, मग ९९ टक्के अल्कोहोलने उरलेलं पाणी हुसकावून पूर्ण वाळवतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना बोर्ड बाहेर काढून धुणार की नुसता वाळवणार, एवढं आधी विचारून घ्या.