बडोद्याने छापलेली ईश्वराची परीक्षा

जग कुणी केलं, आणि करणारा असेल तर त्याला कुणी केलं, हा वाद बडोद्यातल्या मराठी घरांत अजून रंगतो. एक जण गीता काढतो, दुसरा बिग बँग, आणि चहा गार होतो. पण या वादातला एक अत्यंत धारदार मजकूर गायकवाड सरकारने इथेच प्रसिद्ध केला, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

1926 साली गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ शिष्य कमलशीलाच्या टीकेसह दोन खंडांत निघाला. संपादक एंबार कृष्णम्माचार्य. शांतरक्षित आठव्या शतकातला बौद्ध पंडित, पुढे तिबेटात गेलेला. तिबेटी भाषांतर टिकलं. मूळ संस्कृत मात्र जैन ग्रंथभांडारांनी सांभाळलं. त्यातलं एक भांडार गुजरातेतल्या पाटणचं, आणि पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होतं. सयाजीरावांनी चिमणलाल दलालांना तिथली हस्तलिखितं तपासायला धाडलं आणि 1916 पासून ही ग्रंथमाला निघू लागली. म्हणजे ईश्वर न मानणाऱ्या बौद्धाचा ग्रंथ सृष्टिकर्ता न मानणाऱ्या जैनांनी जपला आणि देवघर असलेल्या मराठा राजाने छापवला.

साडेतीन हजारांवर श्लोकांच्या या ग्रंथात दुसरंच प्रकरण ‘ईश्वरपरीक्षा’. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे ईश्वरवादी पंडित, म्हणत, मडक्याला कुंभार लागतो, तसा डोंगर-शरीरांनाही कुणी बुद्धिमान कर्ता हवा. यावर धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने आधीच चिमटा काढला होता: वारूळही मातीचंच, मग तेही कुंभाराने केलं म्हणायचं का? शांतरक्षित आणखी पुढे जातो. ईश्वर नित्य आणि सर्वसमर्थ असेल, तर सगळी कार्यं एकदमच व्हायला हवीत. आज पेरणी आणि चार महिन्यांनी कणीस असं का? सहकारी कारणांची, म्हणजे पाऊस-मातीसारख्या साथीच्या गोष्टींची, वाट पाहतो म्हणावं, तर तीही त्याच्याच हातात. या कोंडीतून सुटायला नैयायिकांना पुष्कळ खटपट करावी लागली. दहाव्या शतकात उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’ रचली ती ईश्वरसिद्धीसाठीच. माझ्या मते वारुळाला नैयायिकांकडे उत्तर निघतं. एकदम घडण्याच्या मुद्द्याला निघालेलं उत्तर मला तरी पटत नाही.

सयाजीराव नास्तिक नव्हते. 1896 मध्ये राजवाड्यात वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी होणारे, विधी सुरू करून त्यांनी पुरोहितांशी वाकडं घेतलं, ते धर्म हवा होता म्हणूनच. पण धर्म तपासून घ्यावा, ही त्यांची धाटणी. बडोदा कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासासाठी त्यांनी अल्बन विजरी यांना नेमलं.

याच गावात उलट्या वाटेनेही एक प्रयोग झाला. सुरत काँग्रेसनंतर, जानेवारी 1908 च्या सुमारास, अरविंद घोष इथे विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याकडे बसले. लेल्यांनी ना प्रमाण मांडलं ना श्लोक. एवढंच सांगितलं की बसा, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी पुढे लिहिलं. गंमत अशी की लेले सगुण भक्तीचे. त्यांना हवा होता ईश्वराचा अनुभव, आणि अरविंदांना आलं जग मिथ्या वाटायला लावणारं निर्गुण ब्रह्म. दोघांनाही ते अपेक्षित नव्हतं.

‘तत्त्वसंग्रहा’चं इंग्रजी भाषांतर गंगानाथ झांनी केलं, तेही याच मालेत, 1937 आणि 1939 मध्ये. सयाजीराव 1939 च्या फेब्रुवारीत गेले. वादाला बसण्याआधी झांच्या भाषांतरातली ‘ईश्वरपरीक्षा’ वाचावी. संस्कृत येत नसलं तरी अडत नाही.