घारगे (लाल भोपळ्याचे)

लाल भोपळ्याचा शिजवलेला कीस आणि गूळ यांत मावेल तेवढे पीठ मळून, हाताने थापून तळलेला गोड पदार्थ. एकवचन घारगा. तो पुरीपेक्षा जाड आणि वड्यापेक्षा पातळ असतो, कडेला थोडा खुसखुशीत आणि आत मऊ लागतो. तळल्यावर त्याला तांबूस तपकिरी रंग येतो आणि एका अंगाला बहुधा खसखस लावलेली असते. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात घारगे विशेष होतात. उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ ‘कुंबळकायी गारिगे’ म्हणून घरोघरी केला जातो. नुसत्या गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून केलेल्या घाऱ्या आणि सैल पीठ तेलात सोडून केलेले गुलगुले हे घारग्याचे जवळचे नातेवाईक असले तरी वेगळे पदार्थ आहेत. घारग्याची ओळख भोपळ्याने ठरते. पीठ मळताना पाण्याचा थेंबही घालायचा नाही, सगळा ओलावा भोपळ्याचा आणि गुळाचा, हा त्याचा मूळ नियम आहे. चव, मऊपणा आणि टिकाऊपणा हे तिन्ही गुण त्यातूनच येतात.

भोपळा

तांबडा भोपळा, डांगर, काशीफळ, गंगाफळ अशा नावांनी ओळखले जाणारे हे फळ कुकुर्बिटा प्रजातीतले. आपल्या बाजारात येतो तो मुख्यतः कुकुर्बिटा मोशाटा, काही ठिकाणी कुकुर्बिटा मॅक्सिमा. दोन्हींचे मूळ अमेरिका खंडात आहे. तिथे त्यांची लागवड हजारो वर्षांपासून होते, पण भारतात ते युरोपीय दर्यावर्दी आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे आले. दुध्या भोपळा आणि कोहळा मात्र इथे फार जुने. त्यामुळे जुन्या संस्कृत ग्रंथांत कूष्मांड भेटला की तो कोहळा समजावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात घारिका नावाचा तळलेला पदार्थ येतो, पण तो उडदाचा आहे. आज परंपरेचे म्हणून ज्या घारग्यांचा नैवेद्य दाखवला जातो, त्यांतला मुख्य जिन्नस या भूमीवर गेल्या पाचएकशे वर्षांतला आहे. परका भोपळा आपल्या देवघरापर्यंत इतक्या सहज पोहोचला, याचे श्रेय त्याच्या स्वभावालाही द्यायला हवे. उकिरड्याच्या कडेला टाकलेले बी उगवते, वेल मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढतो आणि पिकलेले फळ न चिरता माळ्यावर ठेवले तर काही महिने टिकते.

घारग्यांसाठी पूर्ण पिकलेलाच भोपळा लागतो. साल कडक आणि निस्तेज, गर गडद केशरी, बिया भरलेल्या, आणि आकाराच्या मानाने वजन जास्त, ही त्याची लक्षणे. कोवळा किंवा फिकट गराचा भोपळा खूप पाणी सोडतो, त्याला गोडी नसते आणि ती उणीव गूळ वाढवून भरून निघत नाही. बाजारात भोपळा कापून फोडींनी विकतात ते या कामी सोयीचे, गर डोळ्यांनी पाहून घेता येतो. अनेक घरांत अखंड भोपळा बाईने चिरायचा नाही, पहिला वार पुरुषाने करायचा अशी रीत आहे. कोहळ्याचा बळी देण्याच्या प्रथेशी तिचा संबंध जोडला जातो. पुढची सगळी मेहनत बाईचीच असते, हे ती रीत सांगणारे सहसा सांगत नाहीत.

कीस आणि गूळ

साधारण प्रमाण असे धरता येते: दाबून भरलेला भोपळ्याचा कीस २ वाट्या, चिरलेला गूळ १ वाटी, कणीक सुमारे २ वाट्या, तांदळाचे पीठ पाव ते अर्धी वाटी, मोहनासाठी तेल २ मोठे चमचे, साजूक तूप १ चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, आणि वरून लावायला खसखस. यातले पिठाचे माप निव्वळ अंदाजाचे आहे. भोपळा जेवढे पीठ मागेल तेवढे द्यायचे. म्हणूनच जुन्या बायका घारग्यांचे प्रमाण विचारल्यावर भोपळ्याचे आणि गुळाचे माप सांगत आणि पिठाशी आल्यावर ‘मावेल तेवढे’ म्हणून थांबत. त्यांचे उत्तर अपुरे नव्हते, ते अचूक होते. दोन भोपळ्यांत पाण्याचा अंश सारखा नसतो, मग पीठ सारखे कसे लागेल?

भोपळ्याची साल, बिया आणि बियांभोवतालचा तंतुमय भाग काढून गर मध्यम किसणीने किसावा. जाड तुकडे राहिले तर थापताना घारगा तिथेच फाटतो आणि तेलात फुगत नाही. जाड बुडाच्या कढईत तूप घालून कीस मंद आचेवर परतावा, झाकण ठेवून वाफेवर मऊ करावा आणि मग झाकण काढून सुटलेले पाणी आटवावे. कच्च्या भोपळ्यात वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणी असते. ते इथे जेवढे उडेल तेवढे पीठ पुढे कमी लागते. पीठ कमी म्हणजे भोपळ्याची चव जास्त. घाईसाठी फोडी कुकरमध्ये उकडून कुस्करण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यात वाफेचे पाणी गरात मुरते, पीठ वाढते आणि घारगे गोड चपातीसारखे चिवट होतात. कुकर वापरायचाच असेल तर डब्यात पाणी न घालता फोडी वाफवाव्या आणि नंतर कढईत परतून गर कोरडा करावा.

गूळ कीस गरम असतानाच घालावा. तो विरघळला, मिश्रण एकजीव झाले की लगेच आच बंद करावी. इथे जास्त वेळ रेंगाळले तर गुळाचा पाक होतो आणि गार झाल्यावर घारगे कडक येतात. चिक्कीचा गूळ याच कारणाने टाळतात, साधा पिवळा किंवा तांबूस गूळ चांगला. गुळाचा खडा राहिलेला चालत नाही. तेलात तो वितळून घारग्याला भोक पाडतो, तेल आत शिरते आणि बाहेर आलेला गूळ कढईत जळतो. साखरेचेही घारगे करतात. ते दिसायला उजळ असतात, पण भोपळ्याच्या मातकट गोडीला गुळाची जी साथ मिळते ती साखरेकडून मिळत नाही.

मळणे आणि थापणे

मिश्रण कोमट झाले की त्यात मीठ, वेलची, तांदळाचे पीठ आणि कडकडीत तापवलेले मोहन घालून कणीक थोडी थोडी मिसळावी. गोळा पुरीच्या कणकेसारखा घट्ट हवा. मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवला की तो स्वतःच सैल पडतो, कारण गूळ ओलावा धरून ठेवतो आणि भोपळाही उरलेले पाणी सोडत राहतो. हे ठाऊक नसलेला माणूस आधीच सैल मळतो आणि मग थापताना वरून पीठ लावत बसतो, ते सुटे पीठ तेलात जाऊन तळाशी करपते. गोळा रात्रभर ठेवू नये.

तांदळाच्या पिठाने खुसखुशीतपणा येतो, कणकेने पदार्थ बांधला जातो. काही घरी थोडा रवाही घालतात. कोकणात पुष्कळ ठिकाणी तांदळाचे पीठच मुख्य असते. ते गरम मिश्रणात घालून झाकण ठेवतात, उकडीसारखी एक वाफ आणतात आणि मग मळतात. असे घारगे जास्त नाजूक होतात. ते गरम गरमच खावेत, गार झाल्यावर त्यांचा मऊपणा लवकर जातो.

लिंबाएवढी गोळी केळीच्या पानावर किंवा तेल लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर बोटांनी थापावी. घरोघरी यासाठी दुधाची धुतलेली पिशवी कापून वापरतात. जाडी सगळीकडे सारखी हवी. फार पातळ थापला तर कडक पुरी होते, जाड ठेवला तर मधे कच्चा राहतो. थापून झाल्यावर वर खसखस पेरून ती हलक्या हाताने दाबावी, नाहीतर तेलात सुटून जळते आणि पुढच्या घाण्याला कडवट वास लागतो. मोठी पोळी लाटून वाटीने गोल कापण्याची पद्धत झटपट आहे आणि घारगे एकसारखे दिसतात. तरी थापलेल्या घारग्यावर बोटांचे खळगे उमटतात, कड थोडी ओबडधोबड राहते आणि तीच कड सर्वांत छान तळली जाते, म्हणून थापलेलाच सरस.

तळणे

गुळामुळे घारगा पुरीपेक्षा फार लवकर रंग धरतो. त्यामुळे तेल पुरीसाठी तापवतो तितके तापवू नये. पिठाचा कण टाकला की तो बुडून सावकाश वर यायला हवा. एका वेळी दोन-तीनच सोडावेत, झाऱ्याने वर तेल उडवावे, फुगला की एकदाच उलटावा. मोठ्या आचेवर बाहेरून काळा आणि आत ओला, हा घारग्यांचा नेहमीचा घात. फार मंद आचेवर मात्र ते तेल पितात. काढल्यावर चाळणीत उभे ठेवावेत. गरम असताना एकावर एक रचले तर वाफेने कड नरम पडते.

प्रसंग आणि प्रकार

श्रावण-भाद्रपदातल्या सणांना आणि कुलाचाराच्या नैवेद्याला घारगे होतात. अनेक ब्राह्मण घरांत श्राद्धपक्षाच्या स्वयंपाकात वडे आणि घारगे जोडीने येतात, म्हणून ‘वडे-घारगे’ असा एकत्र उल्लेखच ऐकू येतो. पण त्यामुळे घारगे शुभकार्याला वर्ज्य मानावेत असे नाही, मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्यालाही ते होतात. लाल भोपळा बऱ्याच घरी उपवासाला चालतो. तेव्हा कणकेऐवजी राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठ वापरतात. कोकणात मोठ्या पिकलेल्या काकडीचे, म्हणजे तवशाचेही घारगे होतात. काकडीला पाणी अधिक, म्हणून तिथे पीठ बहुधा तांदळाचे किंवा जाड रव्याचे. तळण नको असेल तर याच पिठाच्या दशम्या तव्यावर भाजतात.

भोपळ्याचे गोड तळण जगात इतरत्रही आहे. स्पेनच्या वालेन्सियात मार्चमधल्या फायास उत्सवात भोपळ्याचे बुन्युएलो रस्त्यावर तळून साखरेबरोबर देतात. दक्षिण आफ्रिकेत भोपळ्याच्या छोट्या तळलेल्या वड्यांवर दालचिनी आणि साखर पेरतात. सर्वांत जवळचे वाटतात ते दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे पिकारोनेस. भोपळा आणि रताळे कुस्करून पिठात आंबवतात, कडी करून तळतात आणि वर चांकाका नावाच्या, आपल्या गुळासारख्याच उसाच्या कच्च्या साखरेचा पाक ओततात.

खाणे आणि टिकवणे

कच्च्या भोपळ्याच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम २६ कॅलरी असतात आणि बीटा कॅरोटीन भरपूर असते. तेलातुपाबरोबर ते अंगी अधिक लागते. तरी घारगा हे तळलेले पक्वान्नच आहे, भाजी खाल्ल्याचे समाधान त्यात शोधू नये. गरम घारग्यावर लोण्याचा गोळा किंवा साजूक तूप, आणि बाजूला कैरीचे किंवा लिंबाचे लोणचे ही रूढ जोड. पाणी न घालता मळलेले आणि नीट तळलेले घारगे पूर्ण गार करून डब्यात भरले तर तीन-चार दिवस चांगले राहतात, म्हणून प्रवासाच्या शिदोरीत त्यांना जागा मिळाली. पावसाळी हवेत मात्र दोन दिवसांत संपवावेत. गार घारगे पुन्हा तळण्यापेक्षा तव्यावर मंद आचेवर शेकावेत, गूळ मऊ होतो आणि कड परत खुसखुशीत होते.