व्यावसायिक कुस्तीतील कौटुंबिक हिंसाचाराची कथानके

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या खेळांत पती-पत्नी, प्रियकर-प्रेयसी किंवा एकाच घरातील माणसे यांच्यामधील छळ, संशय, धाकदपटशा आणि मारहाण यांवर रचलेली, आठवडेच्या आठवडे चालणारी कथानके. या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. त्यामुळे कोण जिंकले यापेक्षा का भांडले याला महत्त्व येते, आणि ते कारण पुरवण्याचे काम कथानक करते. धंद्यातल्या बोलीत अशा कथानकाला ‘अँगल’, खलपक्षाच्या मल्लाला ‘हील’ आणि सत्पक्षाच्या मल्लाला ‘बेबीफेस’ म्हणतात. जे चालले आहे ते सारे खरेच आहे, असे प्रेक्षकांपुढे भासवत राहण्याचा शिरस्ता ‘केफेब’ या नावाने ओळखला जातो.

विषयाची मर्यादा आखणे सोपे नाही. रिंगमध्ये पुरुषाने स्त्रीवर हात उचलला की तो प्रसंग या सदरात टाकण्याची प्रवृत्ती आढळते. तसे केले, तर बब्बा रे डडली याने मार्च २००० मध्ये ७७ वर्षांच्या मे यंग हिला टेबलावर आपटले तो प्रसंग, १९९९ मध्ये चायना या नावाच्या स्त्री-मल्लाशी झालेल्या वैरात जेफ जॅरेट स्त्रियांवर करत असलेले हल्ले, इतकेच काय, विनोदी नट अँडी कॉफमन याने १९८० च्या सुमारास बायकांना कुस्तीचे आव्हान देऊन उठवलेला धुरळाही येथे नोंदवावा लागेल. या साऱ्यांत स्त्रीचा अवमान आहे, पण घर नाही आणि नाते नाही. भारतातील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार मानले असून दोन्ही पक्षांत घरगुती नाते असण्याची अट घातली आहे. ही फूटपट्टी अमेरिकन साहित्यात वापरली जात नसली, तरी येथे सोयीची पडते. तिने मोजल्यास टेबलावर आपटण्यापेक्षा बायकोला चारचौघांत बटाट्याचे पोते अंगावर घालायला लावणे विषयाच्या अधिक जवळचे ठरते.

उगम : मल्लासोबत रिंगपर्यंत येणाऱ्या साथीदाराची प्रथा १९४० च्या दशकात रुळलेली दिसते. गॉर्जियस जॉर्ज या नखरेल मल्लाचा चाकर अत्तर फवारत पुढे येई. या साथीदाराच्या जागी स्त्री आणून तिला अंकित दाखवण्याचा जो ठळक दाखला सांगितला जातो, तो साधारण १९५० च्या आसपासचा आहे. पुढे ‘फॅब्युलस मूला’ या नावाने विजेती झालेली लिलियन एलिसन त्या काळी ‘स्लेव्ह गर्ल मूला’ म्हणजे दासी म्हणून बडी रॉजर्स व नंतर ‘एलिफंट बॉय’ या मल्लांबरोबर येत असे. नामकरण जॅक फेफर या प्रवर्तकाचे. या दाखल्यावरून कथानकाचा उगम येथेच धरावा असे म्हणता येईल. परंतु दासीचे सोंग हे वेशभूषेपुरते होते. तिच्या दास्यावरून भांडण पेटले, कोणी तिला सोडवायला आले किंवा ती स्वतः उलटली, असे काही त्यातून वाढले नाही. सोंग आणि कथानक यांत फरक करायचा, तर हा पुरावा अपुरा ठरतो.

दुसरा दुवा प्रादेशिक कंपन्यांचा. फ्लोरिडात १९८४ च्या सुमारास केव्हिन सलिव्हन याच्या सैतानपूजक टोळीत नॅन्सी ही ‘फॉलन एंजल’ म्हणून वावरत असे आणि ती त्याच्या पूर्ण कह्यात असल्याचे दाखवले जाई. डॅलसमध्ये १९९० साली ब्रिटिश मल्ल ख्रिस अ‍ॅडम्स आणि त्याचाच शिष्य स्टीव्ह ऑस्टिन यांचे वैर रंगले. ऑस्टिनच्या बाजूला अ‍ॅडम्सची पूर्वीची सहचारिणी जीनी क्लार्क, तर अ‍ॅडम्सच्या बाजूला त्याची तेव्हाची पत्नी टोनी अशी मांडणी होती. मोडलेले नाते, तेही खऱ्या माणसांचे, तिकीट लावून दाखवण्याची युक्ती येथे पूर्णपणे हाती आलेली दिसते. मात्र तोवर राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर याच धर्तीचे एक कथानक पाच वर्षे चालून गेले होते.

सॅव्हेज आणि एलिझाबेथ : ‘माचो मॅन’ रँडी सॅव्हेज १९८५ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनमध्ये (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) आला, आणि मिस एलिझाबेथ त्याची मॅनेजर म्हणून पडद्यावर आली. डिसेंबर १९८४ मध्ये दोघांचे लग्न झाले होते. प्रेक्षकांना ते सांगितले नव्हते. पडद्यावर ती मितभाषी, संध्याकाळच्या मेजवानीला शोभेल अशा पोशाखात, आणि तो सतत तिच्यावर खेकसणारा. रिंगचे दोर तिने त्याच्यासाठी फाकवून धरायचे. प्रतिस्पर्धी अंगावर आला की तो तिला ओढून पुढे उभी करी आणि स्वतः मागे दडे. १९८६ मध्ये जॉर्ज ‘द अ‍ॅनिमल’ स्टील हा रानटी पात्राचा मल्ल तिच्यावर भाळला, तेव्हा सॅव्हेजचा मत्सर हेच कथानकाचे इंधन झाले. सॅव्हेजने तिला पडद्यावर कधी उघड मारहाण केली नाही. प्रेक्षक तो हात उठण्याची वाट पाहत राहिले, आणि कथानकाची सारी पकड त्या वाट पाहण्यात होती. संपूर्ण कथानक म्हणून पहिला मान या जोडीला देणे अधिक युक्त दिसते.

फेब्रुवारी १९८९ मध्ये सॅव्हेज आणि हल्क होगन यांची जोडी फुटली तीही एलिझाबेथवरून. सामन्यात सॅव्हेज रिंगबाहेर फेकला जाऊन तिच्यावर आदळला, होगन तिला उचलून आत घेऊन गेला, आणि सॅव्हेजने त्याच्यावर तिचा अभिलाष धरल्याचा आळ घेऊन त्याला थप्पड लगावली. एप्रिलमधील पाचव्या रेसलमेनियात (कंपनीचा वार्षिक महासोहळा) ती कोणाच्याच कोपऱ्यात उभी राहिली नाही. लॉस एंजलिस येथे २४ मार्च १९९१ रोजी, सातव्या रेसलमेनियात, निवृत्ती पणाला लावलेली कुस्ती सॅव्हेज हरला. नवी मॅनेजर शेरी त्याला तुडवू लागली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेली एलिझाबेथ धावून आली. मग सॅव्हेजने तिच्यासाठी दोर फाकवून धरले. रडणारे प्रेक्षक कॅमेऱ्याने टिपले. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघांचे ‘लग्न’ लावण्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांचा खरा घटस्फोट झाला. या पुनर्मीलनाची गणना आजही कुस्तीच्या सर्वाधिक भावुक क्षणांत होते. छळणाऱ्याला पश्चात्तापाची फारशी किंमत मोजावी लागली नाही, ही बाजू त्या मानाने कमी चर्चिली गेली आहे.

रचना : हील मल्लाला लोकांचा राग कमवावा लागतो, धंद्यात त्याला ‘हीट’ म्हणतात. रेफरीच्या पाठीमागे केलेल्या फाउलपेक्षा बायकोला केलेली दमदाटी ही हीट कितीतरी स्वस्तात मिळवून देते, कारण ती समजायला कुस्तीचे नियम माहीत असावे लागत नाहीत. अडचण निकालाची आहे. कुस्तीत प्रत्येक तंट्याचा निवाडा रिंगमध्येच व्हावा लागतो. प्रत्यक्ष जीवनात पीडित स्त्री घर सोडते, पोलिसांत जाते, कोर्टात जाते, किंवा यातले काहीच करू शकत नाही. कथानकात मात्र तिच्या वतीने दुसरा पुरुष लढतो आणि ती पैजेत लागते, नाहीतर ती स्वतःच एखादा डाव टाकून नवऱ्याला चीत करते. पहिल्या प्रकारात ती एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात जाते. सप्टेंबर १९९७ मध्ये ब्रायन पिलमनने गोल्डस्टला हरवून मार्लेना हिला ३० दिवसांसाठी ‘जिंकले’, हे त्याचे उघड उदाहरण आहे. गोल्डस्ट व मार्लेना प्रत्यक्षातही नवरा-बायको होते. ऑक्टोबरच्या आरंभी पिलमनचा मृत्यू झाल्याने ते कथानक अर्धवट राहिले.

दुसऱ्या प्रकाराचा नमुना मार्क मेरो आणि सेबल. दुखापतीतून परतलेल्या मेरोला बायकोची लोकप्रियता खुपते. तो तिला आत हाकलतो, पोते घालायला लावतो, आणि १९९८ मध्ये ती त्याला पॉवरबॉम्ब मारते, म्हणजे उचलून पाठीवर आपटते. पण बारकाईने पाहण्याजोगा प्रसंग त्यानंतरचा आहे. ३१ मे १९९८ रोजी दोघांचा सामना लागला. ती हरली तर तिने कंपनी सोडायची. मेरोने चूक कबूल केली, तिने आपल्याला सहज चीत करावे म्हणून तो स्वतः आडवा झाला, आणि ती जवळ येताच तिला गुंडाळून त्याने सामना जिंकला. छळ, माफी, पुन्हा छळ हे चक्र समुपदेशक ज्या क्रमाने सांगतात, त्याच क्रमाने ते येथे काही मिनिटांत उलगडले. लेखकांना हे साम्य अभिप्रेत होते की केवळ फसवणुकीचा एक प्रकार सुचला, हे ठरवणे अवघड आहे. दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो.

मालकाचे कुटुंब : या कथानकांचा कळस वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या मालकांनी स्वतःच्या घरावर रचला. डिसेंबर २००० मध्ये विन्स मॅकमॅहन याने पत्नी लिंडाकडे घटस्फोट मागितल्याचे दाखवले. त्यानंतर ती मनोरुग्णालयात, औषधांच्या गुंगीत, व्हीलचेअरवर खिळलेली आणि तिच्यासमोर नवऱ्याचे उघड प्रेमप्रकरण, असे तीन-चार महिने चालले. १ एप्रिल २००१ रोजी ह्यूस्टनमध्ये ती खुर्चीतून उठली आणि तिने त्याला लाथ घातली, प्रेक्षागार उसळले. ऑक्टोबर २००३ मध्ये बाल्टिमोर येथे विन्सने मुलगी स्टेफनी हिच्याशी सामना खेळून लोखंडी पाइपने तिचा गळा दाबला, आणि लिंडाने टॉवेल टाकून सामना थांबवला. पुढे लिंडा २०१० आणि २०१२ मध्ये कनेक्टिकटमधून सिनेटची निवडणूक लढली व दोन्ही वेळा हरली. कंपनीच्या त्या काळातील दृश्यांचा विरोधकांनी प्रचारात वापर केला.

लिटा ही स्त्री-मल्ल आणि केन हा मल्ल यांचे २००४ मधील कथानक त्याहून अंगावर येणारे आहे. धमकावून लादलेला संबंध, गर्भारपण, तिचा प्रियकर मॅट हार्डी याला हरवून ‘जिंकलेले’ लग्न आणि सप्टेंबरमध्ये स्निट्स्की या मल्लाच्या हल्ल्यानंतर गर्भपात, अशी त्याची वाटचाल होती. गर्भपातानंतर सहानुभूती केनकडे वळवण्यात आली. २००५ मध्ये लिटाचे एज या मल्लाशी असलेले खासगी संबंध बाहेर फुटले, आणि वर्षभर छळ सोसणारे पात्र रंगवलेल्या या स्त्रीला प्रेक्षक शिव्या घालू लागले. कंपनीने मे २००५ मध्ये तिला खलनायिका करून टाकले. केफेबचा पडदा विरळ झाल्यावर पीडितेच्या पात्राला मिळालेली सहानुभूती किती टिकाऊ असते, याचा हा बोलका दाखला म्हणावा लागेल.

पडद्याबाहेर : स्टीव्ह ऑस्टिनची पत्नी डेब्रा २००१ मधील कथानकांत त्याच्यासोबत होती. त्याच सुमारास त्याने लिटाला खुर्चीने झोडपल्याचे दृश्य गाजले. जून २००२ मध्ये पोलिसांना सॅन अँटोनियो येथील त्यांच्या घरी जावे लागले. नोव्हेंबरमध्ये ऑस्टिनने मारहाणीच्या आरोपाला आव्हान दिले नाही. त्याला एक वर्षाची प्रोबेशन, १,००० डॉलर दंड आणि ८० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली.

क्रिस बेन्वा या मल्लाच्या प्रकरणाने या सर्व कथानकांकडे मागे वळून पाहण्याची दृष्टीच बदलली. वर उल्लेखिलेली नॅन्सी १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीत नवरा सलिव्हनला सोडून बेन्वाकडे जाते, असे कथानक लिहिले गेले; लिहिणारा स्वतः सलिव्हन. कथानक खरे झाले, आणि २००० मध्ये नॅन्सी व बेन्वा यांचे लग्न झाले. २००३ मध्ये तिने क्रूर वागणुकीचे कारण देऊन घटस्फोटाचा अर्ज केला व नंतर तो मागे घेतला. जून २००७ मध्ये जॉर्जियातील राहत्या घरी बेन्वाने नॅन्सीला आणि सात वर्षांच्या डॅनियलला ठार करून आत्महत्या केली. २५ जूनच्या कार्यक्रमात, तपशील पूर्णपणे बाहेर येण्यापूर्वी, डब्ल्यूडब्ल्यूईने तीन तास त्याला श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात त्याचे नाव घेतले जाणार नाही असे जाहीर केले. त्याच्या मेंदूला वर्षानुवर्षे झालेल्या इजेवर नंतर पुष्कळ लिहिले गेले. नॅन्सीच्या २००३ मधील अर्जावर त्या मानाने फार कमी लिहिले गेले आहे.

२००८ नंतर : जुलै २००८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने कार्यक्रम कुटुंबासह पाहण्याजोग्या श्रेणीत आणले आणि पुरुषाने स्त्रीला मारण्याची दृश्ये विरळ होत गेली. घरगुती हिंसाचारासाठी अटक झाल्यास तत्काळ निलंबन व दोष सिद्ध झाल्यास करार रद्द, असे धोरण कंपनीने जाहीर केले. पडद्यावर छळ उरला तो शब्दांचा. एप्रिल २०१२ मध्ये डॅनियल ब्रायन १८ सेकंदांत हरला आणि त्याचे खापर त्याने प्रेयसी एजे हिने दिलेल्या चुंबनावर फोडले. तिची नंतरची सगळी ‘वेडी’ प्रतिमा या अवहेलनेतून उभी केली गेली. २०१९ मध्ये भूमिका उलटून गर्भवती मारिया कनेलिस ही पती माइक याला सर्वांसमोर नामर्द ठरवते असे दाखवले गेले, आणि ते विनोद म्हणून खपले.

मेक्सिकोच्या लुचा लिब्रेत स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोड्या लढतात, मात्र तेथे कथानकाचा भर घरापेक्षा मुखवटा व केस पणाला लावण्यावर असतो. भारतात ही कुस्ती १९९० च्या दशकात केबलवरून आली. अंडरटेकर आणि होगन शाळकरी मुलांच्या पत्त्यांच्या खेळांपर्यंत पोहोचले. एलिझाबेथची गोष्ट इंग्रजी समालोचनात दडून राहिली.