कोंबडी-मांस प्रक्रिया कारखाना: सांडपाण्याची संमती कशी मिळवायची

महाराष्ट्रात कोंबड्या कापून, साफ करून पॅक करणारा कारखाना काढायचा, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते: बांधकामाआधी उभारणीची, उत्पादनाआधी चालवण्याची. पहिली हातात आहे म्हणून कापणी सुरू करता येत नाही. कत्तलखाने आणि मांस प्रक्रिया ‘लाल’, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गात मोडतात. अन्न परवाना वेगळा. त्याने हे काम टळत नाही.

अर्ज मंडळाच्या पोर्टलवर भरायचा. जागेचे कागद, नकाशा, प्रक्रियेचा आराखडा, पाणी कुठून घेणार याचा पुरावा, ईटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे) डिझाइन आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला जोडा. शुल्क या गुंतवणुकीवरच ठरते.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या हिशेबात. रोज 5,000 पक्षी आणि पक्ष्यामागे 20 लिटर धरले, तर 1 लाख लिटर झाले. मग ईटीपी 60 हजार लिटरचा दाखवून कसे चालेल? फरशी, क्रेट आणि गाड्या धुण्याचे पाणीही त्यात धरा.

सोडायच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 30, सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) 250, तरंगते घन पदार्थ 50, तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त नको, सामू 6.5 ते 8.5. खरा वैरी रक्त. त्याचा बीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो, म्हणून ते गटारात न सोडता वेगळ्या टाकीत धरायचे. पिसे जाळीवरच अडवा, नाहीतर पंप चोंदतो. गरम पाणी थेट फॅट ट्रॅपमध्ये (चरबी अडवणाऱ्या टाकीत) आले की चरबी वितळून पुढे सरकते. कापणी पहाटे, धुलाई नंतर, त्यामुळे समतोल टाकी (कमी-जास्त येणारे पाणी साठवून एकसारखे पुढे सोडणारी) लहान पडली की एरेशनमधल्या (हवा देऊन घाण कुजवण्याच्या टाकीतल्या) जिवाणूंवर एकदम भार येतो. वर धुलाईचे क्लोरिन गेले तर ते मरतातच. मंडळाचा जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पलिंग, म्हणजे संयुक्त तपासणीचा) नमुना नेमका तेव्हाच घेतला गेला, तर नापास.

शुद्ध केलेले पाणी शेतीला देणार असाल तर किती क्षेत्र, कोणते पीक ते लिहा. पावसाळ्यात शेत पाणी घेत नाही, तेव्हा साठवण दाखवावीच लागते.

परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय न झाल्यास जल कायद्याची संमती मिळाली असे कायदा मानतो. त्रुटी राहिली की अर्ज परिपूर्ण ठरत नाही. नकाराविरुद्ध अपील 30 दिवसांत. संमतीनंतर दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, नमुना पाच, भरायचे.