विकरक्रियेचे वर्णमापन

सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव), ऊतींचा अर्क किंवा पेशींचा द्राव यांतील एखादे विकर, म्हणजेच एंझाइम, किती वेगाने काम करते हे रंगाच्या बदलावरून मोजण्याची पद्धत. नमुन्यात विकर अत्यल्प असते, शिवाय त्याचे सगळे रेणू क्रियाशील असतातच असे नाही. म्हणून विकर किती आहे यापेक्षा ते मिनिटाला किती काम उरकते, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

अल्कलाइन फॉस्फेटेजचे उदाहरण घेऊ. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटच्या जवळजवळ रंगहीन द्रावणात थोडे सीरम घातले की विकर त्यातला फॉस्फेट गट तोडते. सुटलेले पॅरा-नायट्रोफेनॉल अल्कधर्मी माध्यमात पिवळे दिसते आणि क्युव्हेटमधला (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रातला) पिवळेपणा डोळ्यांदेखत चढत जातो. ॲसिड फॉस्फेटेजसाठीही हाच पदार्थ चालतो, पण आम्लात रंग उमटत नाही. तिथे ठरावीक वेळेनंतर सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. त्याने क्रिया थांबते आणि रंगही खुलतो. एकाच थेंबात दोन्ही कामे साधणारी ही युक्ती फार सुंदर आहे.

रंगाची तीव्रता स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला हे मोजणाऱ्या यंत्रावर, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात. बिअर-लँबर्ट नियमानुसार प्रकाशाचे शोषण रंगद्रव्याच्या संहतीच्या प्रमाणात असते. पॅरा-नायट्रोफेनॉलचा मोलर शोषणगुणांक (लिटरला १ मोल पदार्थ असताना १ सेंमी मार्गात होणारे शोषण) सुमारे १८,५०० धरला, प्रकाशमार्ग १ सेंमी असला आणि शोषण मिनिटाला ०.०३७ ने वाढले, तर क्युव्हेटमध्ये दर मिनिटाला लिटरमागे २ मायक्रोमोल पदार्थ तयार होतो. १ मिलि. मिश्रणात २० मायक्रोलिटर सीरम असेल, तर ५० ने गुणून सीरमची क्रियाशीलता लिटरला १०० एकक येते. मिनिटाला १ मायक्रोमोल क्रियाधाराचे (विकर ज्यावर काम करते त्या पदार्थाचे) रूपांतर करणारे विकर म्हणजे १ एकक. एसआय पद्धतीतले ‘कॅटल’ (सेकंदाला १ मोल) त्यामानाने प्रचंड मोठे आहे.

हे गणित फक्त सुरुवातीच्या सरळ रेषेला लागू पडते. क्रियाधार संपत आला की आलेख वाकतो, आणि केवळ शेवटचे एकच वाचन घेतले तर हे कळतही नाही. विकर भरपूर असलेला नमुना मग खोटाच मंद भासतो. असा नमुना विरल करून पुन्हा लावावा. तापमान आणि पीएच ठरलेलेच हवेत. विकर नसलेला ब्लँकही लागतोच, कारण क्रियाधार आपोआपही थोडा फुटतो.

पुष्कळ चुका मात्र नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. तांबड्या पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिन याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेतले असेल, तर अल्कलाइन फॉस्फेटेजला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियम ईडीटीए पकडून ठेवते आणि भरपूर विकर असलेल्या नमुन्यातही पिवळा रंग फिकाच राहतो.