मधमाशी, माशी आणि फ्रेंचचा धडा

मुलांना गोष्टींतून फ्रेंच शिकवायची रीत मुळात लॅटिनच्या वर्गातली. इसाप आणि रोमन कथाकार फीड्रस यांच्या गोष्टी गिरवतच युरोपातली मुलं शतकानुशतकं लॅटिन शिकली. १६९३ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर सुचवलं, की इसापाच्या गोष्टींत लॅटिनच्या ओळीला लागून इंग्रजी ओळ लिहावी आणि मुलाने तेच रोज वाचावं.

फ्रेंचमध्ये बोधकथा म्हटलं की कवी ला फोंतेन. १६६८ सालचा त्याचा पहिला संग्रह सहा वर्षांच्या युवराजाला अर्पण केलेला आहे. पुढच्या संग्रहात त्याने ‘पिलपे’ या भारतीय ज्ञान्याचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. आपलं पंचतंत्र अरबी-फारसीतून तिकडे पोचलं, तेव्हा कथाकाराला चिकटलेलं हे नाव. हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा.

पण ला फोंतेनची भाषा मुलांना सोपी नव्हे. वृत्तासाठी शब्दांची उलटापालट आणि बोलण्यात न येणारे शब्द त्यात भरपूर. १७६२ मध्ये विचारवंत रूसोने ‘एमिल’ या शिक्षणावरच्या पुस्तकात त्याची कावळा आणि कोल्ह्याची कविता ओळीओळीने तपासली. कावळ्याच्या नावाआधी ‘मेत्र’ ही मानाची उपाधी कशाला? फ्रेंच बोलण्यात ‘बसलेला झाडावर’ असा क्रम असताना इथे ‘झाडावर बसलेला’ असे उलटे शब्द का? त्याची तक्रार फ्रेंच मुलांबद्दल होती. मग परक्या मुलांचे काय हाल होत असतील!

यावर खरा उपाय काढला तो इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना फ्रेंच शिकवणाऱ्या मास्तरांनी, अठराव्या शतकात. लुई शाम्बो आणि पेरां यांनी त्याच धर्तीच्या गोष्टी साध्या गद्यात लिहिल्या. पेरांच्या एका गोष्टीत चिडलेली मधमाशी पोळ्याभोवती घिरट्या घालणाऱ्या माशीला ‘चालती हो’ म्हणून हाकलते. मोजक्या ओळींत आज्ञार्थ, भूतकाळ आणि संवाद, तिन्ही येतात. पुस्तकाला शब्दार्थांची यादी जोडलेली असे, सगळ्या गोष्टींची मिळून एक आणि शिवाय गोष्टवार वेगळी. माझ्या मते गोष्टींपेक्षा या यादीनेच मुलांना जास्त हात दिला. गोष्टीचं वळण ओळखीचं, शब्द हाताशी, म्हणजे लक्ष वाक्याच्या घडणीकडे जातं.

पेरांची पुस्तकं अटलांटिकपलीकडेही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फियात बोल्मार या फ्रेंचच्या शिक्षकांनी त्यांतल्या शंभर गोष्टी निवडल्या आणि त्यांना शब्दशः अर्थ, मोकळा अनुवाद आणि उच्चारही जोडले. लॉकची जोड-ओळ अशी फ्रेंचच्या पाठ्यपुस्तकात येऊन बसली.